चार गोळे

रायपूरच्या सदर बाजारात बाबारावांना घेरी आली, तेव्हा त्यांच्या हातात जेवणाच्या डब्याची पिशवी होती. पत्नी रमाबाई गेल्यापासून, म्हणजे आठ महिने, ते त्याच विकतच्या डब्यावर जेवत होते. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, डब्याची चौकशी केली आणि म्हणाले, "बाहर का खाना बंद कीजिए, गुरुजी. घर का बनाइए. नमक अपने हाथ से डालिए."

बाबारावांनी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. भाताला पाणी किती लागतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पुण्याहून त्यांच्या मुलीचा, शर्मिष्ठाचा, फोन आला. "बाबा, महिन्याभरानं मी येते. तोवर बीपी खाली आलं नाही, तर घर बंद करायचं आणि माझ्यासोबत चलायचं. परतीची दोन तिकिटं काढते."

"काढ ना. एक रद्द करता येते."

"तुम्ही कधी गॅस तरी पेटवला का?"

"तुह्या मायनं पेटवू दिला काय मले?"

ती हसली, पण तिकिटं तिनं काढली.

समता कॉलनीतल्या त्या घरात सव्वीस वर्षं गेली होती. पुण्याला मुलगी प्रेमानं ठेवेल, यात शंका नव्हती. पण तिथल्या स्वयंपाकघरात रमाबाई कधी उभ्याच राहिल्या नव्हत्या. इथे निदान त्या कुठे नाहीत, ते रोज दिसत होतं.

पहिल्या आठवड्यात भात चिकट झाला, वरण करपलं. रोज संध्याकाळी शेजारची अबोली अपूर्णांक शिकायला येई. ती पाचवीत होती. आईबाबा नवा रायपूरला नोकरीला, यायला सात वाजत. मराठी तिला सगळं कळे, बोलायची मात्र हिंदी. बाबाराव वही बाजूला ठेवून तिच्या हातात वाटी देत. एक वाटी तांदूळ, अडीच वाटी पाणी. पाव चमचा मीठ. अर्ध्या वाटीचा अर्धा किती? तिला वहीत न कळलेलं ओट्यापाशी कळू लागलं, आणि ती तिथेच जेवूही लागली.

तिसऱ्या रविवारी त्यांनी गोळा भात करायचं ठरवलं. हरभरा डाळीचा भरडा मीठ-तिखट, हळद, तेल घालून भिजवायचा, त्याचे गोळे भातात वाफवायचे. माणशी दोन. दर रविवारी रमाबाई आतून विचारत, "गोळे किती टाकू?" शर्मिष्ठा सासरी गेल्यापासून घरात माणसं दोनच होती, तरी त्या विचारत. बाबाराव पेपरातून डोकं न काढता म्हणत, "चार."

त्यांनी तांदूळ, पाणी आणि चार गोळे एकदमच पातेल्यात टाकले. झाकण काढलं, तर एकही गोळा शिल्लक नव्हता.

"आजोबा, ये तो पीली खिचड़ी हो गई."

"काहून विरघळले असतील, सांग बरं."

अबोलीनं पातेल्यात वाकून पाहिलं. "पानी ज्यादा था?"

"हव. मग पाणी कमी केव्हा असते?"

"जब चावल पूरा पी लेता है." ती थांबली. "तो गोले बाद में डालने थे. आपको पता नहीं था?"

"नाही. मी फक्त खायचो."

पुढच्या रविवारी शर्मिष्ठा आली. आल्या आल्या तिनं बॅगेतून मशीन काढून त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. आकडा खाली आलेला पाहून तिनं पुन्हा एकदा मोजलं. मग आत जाऊन फ्रीज उघडला, डबे पाहिले.

बाबारावांनी भातातलं पाणी आटल्यावर गोळे ठेवले. घरात माणसं दोन, गोळे चार. पानात भातावर एकेक गोळा वाढून त्यांनी तो कुस्करला, वरून हिंगाची फोडणी घातली.

"आईसारखा नाही झाला," शर्मिष्ठा म्हणाली.

"नाही झाला."

तिनं दुसरा गोळा घेतला. पातेल्याच्या बुडाची खरपुडीही खरवडून घेतली. "मीठ कमी आहे."

"डॉक्टरनं सांगितलं तेवढं आहे."

जेवण झाल्यावर तिनं हात धुतले. मग हात पुसून तिनं फोन घेतला आणि त्यांचं तिकीट रद्द केलं. "पण फोन रोज करायचा. काय केलं, ते सांगायचं."

तिसऱ्या दिवशी ती गेली. त्याच आठवड्यात अबोलीच्या शाळेला सुट्टी लागली आणि ती गोंदियाला आजोळी गेली.

रविवारी बाबारावांनी भरडा भिजवला. भात शिजत आला, पाणी आटलं. हाताला तेल लावून ते ओट्यापाशी उभे राहिले. आता विचारणारं कुणी नव्हतं. सवयीनं तोंडाशी आलेलं "चार" त्यांनी गिळलं आणि दोन गोळे वळले. मोठ्या पातेल्यात ते फार लांब लांब दिसत होते. त्यांनी ते जवळ सरकवले.

"दोन," ते मोठ्यानं म्हणाले.

झाकण ठेवून त्यांनी गॅस बारीक केला आणि वाफ येईपर्यंत तिथेच उभे राहिले. मध्येच झाकण काढायचं नसतं, हे आता त्यांना माहीत होतं.