माझ्या पाठीवरचा पत्रा

मी एक जुना लाकडी पिंजरा आहे. अंगणाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून माझे बहुतेक आयुष्य गेले. मित्रांनो, जो कायम भिंतीला पाठ लावून उभा असतो, त्याच्याकडे लपवण्यासारखे काहीतरी असते. माझ्याकडेही होते. ते सांगताना आजही माझ्या फळ्या आक्रसतात.

मला एका पेंटरने बनवले. दुकानांच्या पाट्या रंगवणारा पेंटर. त्याच्या नऊ वर्षांच्या मुलीने, ताईने, एक पांढरा ससा आणला होता. त्याचे नाव कापूस. त्याच्यासाठी पेंटरने जुन्या पाट्यांच्या फळ्या जोडून मला उभे केले. माझ्या आतल्या अंगावर अजून ‘शिवणकाम वेळेत’ एवढी अक्षरे वाचता येतात. ‘मिळेल’ करवतीखाली गेले.

पुढून मला असे रंगवले होते की बघत राहावे. हिरवी चौकट, तिच्यावर पिवळ्या पानांची वेल, दाराला पितळी कडी. येणारे-जाणारे थांबून म्हणत, “पेंटर, ससा ठेवलाय की जावई?” मी फुगून जाई. मागून मात्र मला रंगाचा एक हातही लागला नव्हता. पाटीची मागची बाजू कोण बघतो, हे पेंटरचे धंद्यातले मत.

मागच्या भिंतीवरून एक पाइप जात होता. त्यातून थेंब थेंब पाणी ठिबके आणि माझ्या पाठीत मुरे. खालची फळी मऊ पडत चालली आहे, हे मला कळत होते. मी करकरू शकलो असतो. दार अडकवून धरू शकलो असतो. पण कौतुक चालू असताना कुरकुर कोण करतो?

एका सकाळी कापूस माझ्यात नव्हता. गवताआडची ती मऊ फळी कुरतडून, भिंतीलगतच्या फटीतून अंग काढून तो निघून गेला होता. पेंटर सगळ्यांच्या आधी पाला घेऊन आला आणि सवयीच्या हाताने त्याने दार उघडले. कडी आपण काढली की ती आधीच निघालेली होती, हे त्या हाताला आठवेना. ताई धावत आली तेव्हा दार सताड उघडे होते.

“कडी लावली नसशील तू,” पेंटर म्हणाला.

“लावली होती.”

“मग सशाने काय आतून हात घालून काढली?”

ताई दिवसभर पाला हातात धरून गल्लीत हाका मारत फिरली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शोधायला गेली असताना पेंटरने मला झाडण्यासाठी पुढे ओढले आणि त्याला माझी पाठ दिसली. त्याने उकिडवे बसून भोकाच्या कडेवरून बोट फिरवले. मग त्याने एका पाटीचा पत्रा कापून आणला, भोकावर सात खिळ्यांनी ठोकला आणि मला पुन्हा भिंतीला टेकवले. आतून बघणाऱ्याला तो माझाच एक भाग वाटे.

मला वाटले, आता तो सांगेल. मला बोलायला तोंड नाही, त्याला होते. तो बोलला नाही.

कापूस कधीच सापडला नाही. ताई मोठी झाली, पण एक खोड घेऊन. घराचे दार, गॅस, कपाट, सगळे ती तीन-तीनदा बघते. पायरी उतरून परत जाते, पुन्हा उतरून पुन्हा जाते. घरात तिला चिडवायला ‘कडीताई’ म्हणू लागले. हसणाऱ्यांत पेंटर कधीच नसे. माझ्यात तोवर फुटक्या कुंड्या आणि मोडक्या छत्र्या राहायला आल्या होत्या. मला तेच योग्य वाटे.

आता ताईची मुलगी चिमणी आठ वर्षांची आहे. तिला गिनीपिग हवे होते. दोन वर्षे ताईचे उत्तर एकच: “नको बाई. माझ्याकडून काहीतरी उघडं राहील.” शेवटी ती कशीबशी तयार झाली. रविवारी दोन गिनीपिग येणार ठरले आणि शनिवारी मला तयार करायला घेतले.

जनावरांच्या डॉक्टरांनी सूचनांचा कागद दिला होता. चिमणी तो मास्तरणीसारखी वाचत होती. कुंड्या निघाल्या. गरम पाण्याने मला घासले, आतल्या अक्षरांचा रंग खरवडून काढला; नुसते वळ राहिले. जुनी जाळी काढून बारीक भोकांची नवी लावली. वाळके गवत आले, लपायला खोके आले. पेंटर रंगाचा डबा घेऊन आला.

“आतून पांढरा हात मारून देतो.”

“आतून रंग नाही, आजोबा. ते कुरतडतात. कागदावर लिहिलंय.”

“चाळीस वर्षं रंग मारतोय. आता उंदरांच्या चुलतभावांकडून शिकू?”

“हो,” चिमणी म्हणाली आणि पुढे वाचू लागली, “घर चारी बाजूंनी तपासावे.”

“मागचं राहू दे,” पेंटर घाईने म्हणाला. “भिंतीकडेच तर असतं.”

“चारी म्हणजे चार.”

मायलेकींनी मला फिरवले. माझ्या पाठीवर ऊन पडले. मला कुठे तोंड लपवावे कळेना; तोंड भिंतीकडे गेले होते, तेवढेच बरे. गंजलेला पत्रा ताईच्या बोटाने सहज सुटला. मागे तळहाताएवढे भोक होते आणि त्याच्या कडेच्या कुसळाला चार पांढरे केस चिकटलेले होते.

ताई विटेवर बसली. “मी कडी लावली होती,” ती म्हणाली. कोणाला नाही, त्या भोकालाच.

मग तिने मान वर केली. “बाबा, हा पत्रा कधी मारलात?”

“दुसऱ्या दिवशी.”

“आणि सांगितलं नाहीत.”

“सांगणारच होतो. तू जेवायला बसली होतीस. म्हटलं, जेवण होऊ दे.”

“मग?”

“मग पंचवीस वर्षं झाली.”

“म्हणजे आईची चूक नव्हती?” चिमणीने विचारले.

“नव्हती. माझी होती.” पेंटरच्या हातातला ब्रश डब्यात कधी बुडाला, त्यालाच कळले नाही.

ताई रडली नाही, रागावलीही नाही. पत्रा बाजूला ठेवून म्हणाली, “आधी फळी बदला. उद्या ती पिल्लं येणार आहेत.”

पेंटरने माझी अख्खी पाठ बदलली. बाहेरून तिला दोन हात रंग दिला, पुढच्यापेक्षा जास्त निगुतीने. पाइप दुरुस्त केला आणि मला विटांवर चढवून भिंतीपासून हातभर लांब उभे केले. राहिली दारावरची पट्टी. तिच्यावर चिमणीला गिनीपिगांची नावे हवी होती, पण ती ठरत नव्हती. पेंटरने विचारले नाही. आपल्या सगळ्यांत देखण्या अक्षरात त्याने लिहिले: ‘कडी लावलेली होती.’

“हे कसलं नाव?” चिमणी म्हणाली.

“नाव नाही. जो विचारेल त्याला मी सांगणार आहे.”

सगळेच विचारतात. तो प्रत्येकाला पहिल्यापासून सांगतो आणि सांगताना त्याचे कान लाल होतात. मला कान असते तर माझेही झाले असते.

रविवारी गिनीपिग आले. ते दिवसभर शिट्टीसारखे ओरडतात आणि माझ्या भिंतीवरचे ‘शिवणकाम’ कुरतडतात. संध्याकाळी ताईने कडी लावली. पायरीपर्यंत गेली, परत येऊन कडी बघितली. पुन्हा पायरीपर्यंत गेली. थांबली. मी फळ्या आवरून उभा राहिलो. ती आत गेली. तीनांतले एक कमी झाले.

मित्रांनो, मला रंगवलेत तर आनंदच आहे. पण वर्षातून एकदा मला भिंतीपासून ओढून माझी पाठ बघत जा. मी स्वतःहून दाखवणार नाही, मी असाच आहे. आणि तुमची चूक दुसऱ्या कोणाच्या माथी बसली असेल, तर त्याला सांगून टाका. जेवण व्हायची वाट बघू नका.