खुबेवाडीचा तांब्या

मी पितळेचा तांब्या बोलतोय. सन एकोणीसशे सत्तावीस, वैशाखाचं ऊन. त्या दिवशी मी दुसऱ्यांदा दर्यापूरच्या टपालात परत आलो. पार्सलावर लाल शाईचा शेरा होता: असे गाव नाही.

गाव होतं. मी तिथलाच. ओहोटीला बाया गुडघाभर चिखलात उतरून खुबे, म्हणजे खायचे शिंपले, वेचत. म्हणून खुबेवाडी. पुढे विल्मॉट नावाचा साहेब आला. त्यानं मिठागरांवर चौकी बसवली, घरच्या घरी मीठ करणं बंद केलं आणि सरकारी नकाशात गावाला स्वतःचं नाव लावलं, विल्मॉट बंदर. पाटी लागली. बाया त्या पाटीखालून जात आणि खुबेवाडीलाच पोचत.

त्यांतल्याच गंगूबाईनं मला लेकीच्या लग्नासाठी घेतलं. माझ्या पोटावर तिचं नाव कोरून घेतलं, शकुन. लेक तेव्हा आठ वर्षांची.

त्याच साली वऱ्हाडातल्या दर्यापूरचा सूर्यभान कापसाच्या गाठींबरोबर मुंबईला आला आणि दर्या पाहायच्या हौसेनं बोटीत चढला. वाटेत तापानं फणफणला. खलाशांनी त्याला आमच्या वाळूत उतरवलं. गंगूबाईनं अठरा दिवस पेज पाजली. तो निघताना मला पाण्यानं भरून त्याच्या हाती दिलं.

"परत दे हां. लेकीचा आहे."

"देतो, माय."

बावीस वर्षं गेली. शेती, संसार, मग गुडघे. जाणं राहिलं. पण त्याच्या घरात माझ्यातून कुणी घोटभर पाणी प्यालं नाही. दर दिवाळीला चिंचेनं घासून तो मला कोनाड्यात ठेवी. पाहुण्यानं हात लावला की म्हणे, "उसना आहे." कौतुक मला नको होतं. रिकामं राहणं तांब्याला जड जातं.

शेवटी त्यानं मला टपालानं धाडलं; दुसऱ्यांदा परत आलो त्या दिवशी टपालात बायको मैनाबाई बरोबर होती. म्हणाली, "दर्यापुरात राहून दर्या सापडत नाही तुमाले!"

"हासू नको. उद्या मेलो तर ती माय म्हणल, वऱ्हाडातल्यानं तांब्या दाबला."

मला काखेत मारून तो खुशालराव मीठवाल्याच्या दुकानी पोत्यावर टेकला. खुशालराव दरसाल माल आणायला कोकणात जात.

"कोनतं गाव सापडून नाही राहिलं, सूर्यभानजी?"

"खुबेवाडी."

"मंग बसले कशावर तुमी? तिथलंच मीठ हाये ते. पोत्यावर शिक्का पाहा, विल्मॉट बंदर."

"हा कोन?"

"साहेब होता. मेला. नाव कागदावर राहिलं. तिथं कोनालेबी विचारा, खुबेवाडीच म्हणते."

सूर्यभान पोत्यावरून उठला. शिक्क्यावर हात फिरवला.

"इतकी वर्षं त्याच गावचं मीठ खाऊन राहिलो," तो म्हणाला आणि खळखळून हसला. मैनाबाईनं डोळ्याला पदर लावला.

पत्त्यावर विल्मॉट बंदर लिहिलं. त्याखाली, त्याच्या हट्टानं, खुबेवाडी.

ज्येष्ठात मी पोचलो. गंगूबाईला आता दिसत नाही. तिनं अंगठ्यानं माझ्यावरची अक्षरं चाचपली.

"शकुन, तुझा तांब्या आला गो."

माहेरी आलेल्या शकुननं मला विहिरीवर नेऊन भरलं. म्हातारी माझ्यातून पोटभर पाणी प्याली. मग शकुननं पोस्टमनाला ओटीवर बसवून दर्यापूरला कार्ड लिहवून घेतलं. दोनच शब्द.

तांब्या पोचला.