दोन मुठी

बरणीच्या तळाशी, पत्र्याच्या बटणाखाली, घड्याळातल्या चपट्या सेलच्या आडोशाला ती पडली होती — चिंचोक्याएवढी, लाल, चारही बोटं घट्ट मिटलेली मूठ. मारिकारने काचेला नाक लावलं तेव्हा अंगठ्यावरची नखाची रेघसुद्धा दिसली; एवढ्याशा प्लॅस्टिकवर कुणीतरी जपानात बसून नखाची रेघ काढली होती, चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी, कुणाच्या तरी मुलासाठी... आणि एकच होती. तिने बरणी तिरपी केली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून झाकणावर तळहात दाबून हळू हलवली. काडेपेटीतल्या अर्ध्या काडीएवढे करडे बाण दिसले, एक, दोन, तीन, चार. मूठ मात्र एक.

ती आतल्या खोलीत स्टुलावर उभी होती. बाहेर वेताच्या कोचावर बसलेले डॉक सेलेस्तिनो तिच्या सासूला सांगत होते, "हात नसलेला रोबो म्हणजे कवळी काढलेले आजोबा, नानाय. रुबाब सगळा, चावायला काही नाही!" आणि नानाय पुरिंग सूपात सोडायच्या मोलोच्या करंज्यांना चुण्या घालता घालता खळखळून हसत होत्या. डॉक दातांचे डॉक्टर. शहरात त्यांच्या दवाखान्यापेक्षा त्यांचं काचेचं कपाट जास्त प्रसिद्ध होतं, जुन्या जपानी रोबोंनी भरलेलं. आज सकाळी ते मारिकारचा रोबो बघायला आले होते, आठ हजार पेसो म्हणाले होते, आणि ती हो म्हणणारच होती. पण होकार जिभेच्या टोकावर आलेला असताना तिने विचारलं होतं, न घ्यायच्या माशाचा भाव विचारावा तसं, पोरीच्या, इसायच्या लाळेऱ्याला हात पुसत — "आणि हात असते तर?"

"दोन्ही हात? आणि छातीतले चार बाण?" डॉक हसले होते. "डे, पोरी, ते सगळ्यात आधी हरवतात. पोरं उडवतात, पोरं गिळतात. सव्वीस वर्षं शोधतोय मी. असते ना, तर पंचावन्न हजार. उभ्या उभ्या. हा सांतो निन्यो बघ, त्याच्यासमोर बोलतोय!" आणि त्यांनी खरंच फळीवरच्या, मखमली झगा घातलेल्या बाळ-देवाकडे बोट दाखवलं होतं.

चेहरा हलू द्यायचा नाही, एवढंच तेव्हा तिला कळलं. "आलेच, पोरीचं दूध बघते," म्हणून ती आत आली होती. इसाय तर तिथेच नानायच्या पायाशी बसून रिकामी वाटी आपटत होती, दुधाची वेळही नव्हती...

पंचावन्न हजार.

सोमवारी तिला परदेशी नोकरीच्या एजन्सीत कागदांवर सही करायची होती. कागद फ्रिजवर लावलेले होते, अननसाच्या चुंबकाखाली — तैवान, सुट्या भागांची फॅक्टरी, तीन वर्षं. तिचा नवरा रेनान्ते समोरच्या ग्विमारास बेटाच्या होडीवर काम करायचा, पाऊस-वारा असला की होडी बंद आणि घरही बंद. तोच म्हणाला होता, रागाने नव्हे, थकून, की तुझ्या या फोनवरच्या विक्रीतून सोमवारपर्यंत पन्नास हजार उभे राहिले तर कागद फाडून टाकू, पुढचं वर्ष तुझ्या धंद्यावर बघू. म्हणाला होता, कारण उभे राहणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होतं. शनिवारी बंदराजवळच्या आवारात जपानहून आलेले जुन्या सामानाचे कंटेनर उघडायचे. ती इसायला पाठीला बांधून जायची, खोक्यावर बोट ठेवायची, अख्खं खोकं घ्यायची, आणि घरी येऊन बशा, थर्मास, विणकामाच्या सुया फोनसमोर एकेक धरून विकायची. बशीला चारशे. थर्मासला साडेतीनशे. आणि दहा महिन्यांपूर्वी अशाच एका खोक्यात, केसाळ मांजरीच्या आणि फुटक्या पियानोच्या खाली, हा रोबो...

मारिकारला आपली आई आठवली. अकरा वर्षं ती हाँगकाँगला कामाला होती. वर्षातून एकदा खोकं यायचं, साबण आणि चॉकलेट यांचा मिळून एक वास असायचा त्याला, तो वास म्हणजे आई असं मी बरीच वर्षं समजत होते. सातव्या वर्षी लान्झोनेसच्या फळाची बी माझ्या घशात अडकली, आजीने पाय धरून उलटं केलं, पाठीत धपाटे घातले, बी पडली. तीन आठवड्यांनी फोन आला तेव्हा आजीने ते आईला हसत हसत सांगितलं. पलीकडून काहीच आवाज नाही... मग आई म्हणाली, अभ्यास करतेस ना? — तेव्हा त्या गप्प राहण्याचा अर्थ कळला नव्हता. इसाय झाली त्या रात्री कळला.

म्हणून बरणी. म्हणून टॉयलेट पेपरच्या आतली ती पुठ्ठ्याची नळी, जी मारिकारच्या उशाशी असायची. घरात येणारी प्रत्येक वस्तू त्या नळीतून टाकून बघायची. आरपार गेली की ती मुलाच्या घशातही जाऊ शकते, मग लगेच बरणीत. बटणं, सेल, मणी, पेनाची टोपणं, स्क्रू. कपाटावर, झाकण आवळून. फार्मसीची पदवी घेतलेली बाई नळीतून बटणं टाकत बसते म्हणून अख्खी गल्ली हसायची. "गिळायची बरणी" हे नाव नानायचं. "अगं इंदाय, अगं पोरी, आम्ही पाच वाढवली, एकालाही नळीतून काढलं नाही!" रोबो आला त्याच दुपारी तिने त्याच्या मनगटातल्या मुठी ओढून काढल्या, छातीतले बाण काढले, नळीतून टाकले. सगळे आरपार, सगळे एका ताटलीत. दोन मुठी, चार बाण.

दोन. दुसऱ्या दिवशी बरणीत टाकायला गेली तर ताटलीत एकच.

ती दुपार... इसाय आठ महिन्यांची, हसत होती, ओठावर लाल काहीतरी, ते कलिंगड होतं पण तेव्हा ते कलिंगड नव्हतं. मारिकार अनवाणी रिक्षात बसली होती, दवाखान्यात ओरडली होती, माझ्या मुलीने मूठ गिळली, आणि नर्सने विचारलं होतं, कुणाची? एक्स-रेमध्ये काही नव्हतं. पुन्हा काढा म्हणाली. पुन्हा काही नव्हतं. तीन दिवस ती लंगोट चाळत होती, तीन रात्री पोरीच्या छातीवर कान ठेवून जागी. मग रेनान्ते हळूच म्हणाला होता, "एकच असेल गं. तू चुकून दोन मोजल्या असशील." आणि तिने ते कबूल केलं होतं. तोच खरा घाव होता, कबूल करणं. तेव्हापासून आपल्या मोजण्यावरचा तिचा भरवसा गेला होता. दाराची कडी दोनदा बघायची, गॅस तीनदा.

बरणी घेऊन ती बाहेर आली.

"दूध बरणीत ठेवतेस वाटतं," नानाय म्हणाल्या.

मारिकारने बरणी टेबलावर, पिठाच्या बाजूला ठेवली आणि झाकण उघडलं. चार बाण ओळीने मांडले. मग मूठ. डॉकनी आधी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. खिशातून त्यांनी दवाखान्यातला चिमटा काढला (तो घेऊनच हिंडायचे की काय कोण जाणे!) आणि मूठ उजेडात धरली.

"मूळची आहे," ते पुटपुटले. "रंगसुद्धा उडालेला नाही. कुठे ठेवली होतीस ही?"

"तिथेच. गिळायच्या बरणीत."

"आणि दुसरी?"

मारिकारने बाणांची ओळ सरळ केली. हरवली असं म्हणायचं होतं; नव्हतीच असंही म्हणता आलं असतं. दोन्ही तोंडात आलं आणि दोन्ही खोटं वाटलं.

"एका हाताचा..." डॉक खरंच हळहळले. "एका हाताचे पंधरा देईन, डे. वीस म्हण. पण जोडीची गोष्ट निराळी. नऊ वर्षांचा होतो मी. दर शुक्रवारी आम्ही सगळी पोरं ह्या रोबोचं कार्टून बघायला एका घरात जमायचो, आणि शेवटचे भाग यायच्या आतच सरकारने ते बंद पाडलं. शेवटी काय होतं ते आम्ही आमच्याच खेळण्यांवर करून बघायचो. त्यातच माझ्याचे हात गेले. नदीत."

वीस. वीस म्हणजे सोमवारची सही. मारिकारने फ्रिजकडे बघितलं नाही, पण अननस पाठीमागे आहे हे पाठीला कळत होतं.

आणि मग तिच्या लक्षात आलं की चुण्या घालायचा आवाज थांबला आहे. खरं तर चुण्यांना आवाज नसतो; पण नानायची बोटं थांबली की खोलीत काहीतरी बंद पडल्यासारखं व्हायचं. नानाय हातातल्या अर्ध्या करंजीकडे बघत होत्या. मग त्या उठल्या, नळाखाली हात धुतले, मागे-पुढे बोटांच्या बेचक्यांतून, उगाच फार वेळ धुतले, झग्याला पुसले, फळीपाशी गेल्या, क्रूसाची खूण केली आणि सांतो निन्योचा मखमली झगा वर उचलला.

झग्याखाली, देवाच्या लाकडी पायांशी एक बटण होतं. दोन मणी, एक चपटा सेल, सांतोलच्या फळाची एक वाळकी बी. आणि लाल मूठ.

"मला कोचाखाली सापडली," नानाय देवाशीच बोलल्यासारखं बोलल्या. "तुम्ही दवाखान्यातून आलात त्याच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, आता हिला दाखवली तर ही म्हणेल, म्हणजे तिसरी गिळली असेल. पुन्हा पळेल एक्स-रेला."

"नानाय," मारिकार म्हणाली. "दहा महिने."

"हो, दहा महिने! आणि तू दहा महिने झोपली नाहीस, तेही दिसतं मला. उद्या सांगू, उद्या सांगू म्हटलं, आणि मग सांगायला तोंड उरलं नाही. मार आता मला."

राग आला. खरा राग, कानशिलं तापवणारा — त्या तीन रात्री, ते लंगोट, रेनान्तेचा तो समजूतदार आवाज... पण रागाच्या खालून, पाण्याखालून बुडबुडा यावा तसं दुसरंच काहीतरी वर येत होतं, आणि ते पंचावन्न हजार नव्हते. दोन होत्या. दोन होत्या! मी म्हणत होते दोन होत्या. सगळं घर, डॉक्टर, नर्स, एक्स-रेचं ते काळं पान, सगळे एक म्हणत होते आणि मी एकटी दोन म्हणत होते, आणि दोनच होत्या. तिला ओरडावंसं वाटलं. छतावर चढून अख्ख्या मोलो वस्तीला सांगावंसं वाटलं, रिक्षावाल्यालाही, तो कुठे सापडला तर. ती फक्त म्हणाली, "दोन होत्या ना?"

"दोन होत्या, इंदाय," नानाय म्हणाल्या.

आणि ते बटण. ते दोन मणी. ती बी. एवढं सगळं नानायने केव्हा उचललं? पाच वाढवली म्हणून हसणारी ही बाई अठरा महिने आपल्या पाठीमागून जमिनीवर नजर फिरवत होती, आपल्या नजरेतून निसटलेलं वेचत होती, आणि तिला बरणी नव्हती म्हणून देवाच्या झग्याखाली ठेवत होती... म्हणजे मी तैवानला गेले असते तरी इसायच्या घशात काही गेलं नसतं. हा विचार आला आणि मारिकारने त्याला येऊ दिलं. दीड वर्ष ती स्वतःला सांगत आली होती की मला इथे थांबायलाच हवं, नाहीतर पोरीचं काहीतरी होईल. होणार नव्हतं. ते कारण गळून पडलं. आणि तरीही थांबायचं होतं! कारणाशिवाय, नुसतं, भूक लागावी तसं.

"मी बोललोय," डॉक घसा खाकरून म्हणाले. "ह्याच्यासमोरच बोललोय, आणि ह्याच्याच झग्याखालून निघाली. आता मी कुठे जाणार?" त्यांनी फोन काढला. मारिकारच्या खिशात तिचा फोन थरथरला. तिने लगेच बघितला नाही. मग बघितला. पाच, पाच, आणि तीन शून्यं. तिने ती एकदाच मोजली.

डॉक मुठी बसवत होते, जीभ गालात धरून, रुग्णाला दात बसवावा तसे. टक. दुसरी — टक. छातीत बाण, एक, दोन, तीन, चार. आता तो पूर्ण होता. करड्या धातूचा, वीतभर उंच, दोन्ही लाल मुठी आवळून टेबलावर पिठात उभा.

"एकदा उडवू का?" पंचावन्न वर्षांच्या डॉकनी विचारलं.

"अहो, पुन्हा हरवेल!" नानाय ओरडल्या. "आता देवाकडे जागा नाही!"

"शेहेचाळीस वर्षं थांबलोय, नानाय." आणि त्यांनी कोपरावरची कळ दाबली.

मूठ सटकन सुटली, फ्रिजवर, एजन्सीच्या कागदांवर आपटली, अननस डुगडुगला, आणि ती जमिनीवर पडून घरंगळत गेली. डॉक गुडघ्यांवर आले. नानाय कोचाखाली वाकल्या. "इकडे नाही!" "अहो पाय काढा तुमचा, त्याखाली बघू दे!" पण जमिनीच्या सगळ्यात जवळ जी होती तिला ती आधीच सापडली होती. इसाय फ्रिजपाशी बसली होती, आणि तिची एक मूठ बंद होती.

"इंदाय!" नानाय म्हणाल्या. "तिच्या हातात आहे!"

सगळ्यांनी मारिकारकडे पाहिलं. झेप घ्यायचं काम तिचंच होतं. अठरा महिने ती अशाच क्षणांवर झेप घेत आली होती, पोर दचकायची, रडायची, आणि बोटांतून वस्तू ओरबाडून घेताना आपली नखं तिला लागतात हे मारिकारला दर वेळी नंतर कळायचं.

ती उठली, फ्रिजपाशी गेली आणि इसायच्या समोर मांडी घालून बसली. हाताच्या अंतरावर. मुठीपासून हनुवटीपर्यंत एक वीत, आपल्या हातापासून त्या हनुवटीपर्यंत त्याहून थोडं कमी. हे तिने मोजलं, आणि मोजलं ते बरोबर आहे हे तिला ठाऊक होतं. पाठीमागे डॉक अजून गुडघ्यांवरच होते, नानाय कुठल्याशा संताचं नाव घेत होत्या, फ्रिजवर कागद वाकडे झाले होते, आणि सोमवारला अजून एक दिवस होता, त्याच्यापुढे मंगळवार होता, बुधवार होता, शनिवारी कंटेनर उघडणार होता आणि त्यात काय असेल ते कुणालाच माहीत नव्हतं. मारिकारने आपला तळहात पुढे केला. उघडा. इसाय तळहाताकडे बघत होती, मग आईच्या तोंडाकडे, पुन्हा तळहाताकडे. चिमुकली बोटं अजून मिटलेलीच, त्यांच्या फटीतून थोडंसं लाल दिसत होतं.

आई काहीच बोलत नाहीये याचं पोरीला नवल वाटलं असावं. मारिकारलाही वाटत होतं. हात पुढे धरून ती बसून राहिली. तिला घाई नव्हती.