तुम्हाला काय वाटतं?

मोठ्या बाईंचं बूड सकाळपासून खुर्चीला टेकत नव्हतं. निवृत्तीला महिना उरला होता, आणि आपल्यामागे शाळा कोण सांभाळणार ते एक नाव आज बाराच्या आत संस्थेला कळवायचं होतं. नाव गेलं नाही, तर अध्यक्षांचा भाचा टपून बसलेलाच होता. त्याने आयुष्यात चालवली होती ती फक्त मोटारसायकल, तीही दोनदा खांबावर.

पण नाव द्यायचं कुणाचं? बावीस वर्षांत बाईंना विचारल्याशिवाय कुणी खडूचा डबासुद्धा उघडला नव्हता. मग परवा त्या मुख्याध्यापकांच्या शिबिराला गेल्या. तिथला तज्ज्ञ म्हणाला, "शिक्षकांनी पुढाकार घ्यायला हवाय ना? हुकूम सोडू नका. कुणी काहीही विचारलं, की एकच म्हणा, 'तुम्हाला काय वाटतं?'"

त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, बाई संतापल्या की नेमकं हेच म्हणायच्या!

दहाला गणिताचे सर धापा टाकत आले. "बाई, गच्चीवरची टाकी भरून वाहतेय. पंप बंद करू?"

बाईंच्या जिभेला खाज सुटली. ती दातांखाली दाबून त्या गोड हसल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "चुकलो, बाई! नाही करत बंद." आणि पसार.

मग भूगोलाच्या बाई. "पाणी जिन्यावर आलंय. मुलांना मैदानात काढू का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"अगं बाई, मला कशाला काय वाटतंय!" म्हणत त्या वर्गात पळाल्या आणि दार लावून नद्या शिकवायला लागल्या. त्यातली एक दाराखालून आत शिरलीच.

मोठ्या बाई उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. पेनाचं टोपण चावून चावून चपटं झालं. साडेअकरा वाजले. शेवटी राहवेना, तशा त्या बाहेर धावल्या.

पंप बंद होता. मुलं मैदानात रांगेत होती. गणिताचे सर बादली घेऊन जिन्यावर होते. आणि सगळ्यांच्या मध्ये, बाह्या सरसावून, चित्रकलेच्या बाई. इतकं हळू बोलायच्या की सगळी शाळा त्यांना 'हळूबाई' म्हणायची. त्यांनी कुणालाच काही विचारलं नव्हतं.

"अहो सर, बादली अशी नाही धरायची..." मोठ्या बाईंनी सुरुवात केली.

"बाई!" हळूबाई कडाडल्या. "आत जा. दार लावून बसा. आणि उगाच लुडबुड नको!"

सरांच्या हातून बादली सुटली.

मोठ्या बाई निमूट आत गेल्या. राग यायला हवा होता. फुटलं ते हसू. संस्थेला नाव कळवायचा फॉर्म पुढे ओढला. बाराला पाच कमी. पण सवय कुठे जाते? खिडकीतून मान काढून त्यांनी विचारलं, "अहो, पुढच्या मुख्याध्यापक म्हणून तुमचं नाव घालू का?"

हळूबाईंनी हातातला झाडू थांबवला. कपाळाला आठ्या घालून वर पाहिलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

मोठ्या बाईंनी मान झटकन आत घेतली. "चुकलं, चुकलं," म्हणत त्यांनी घाईघाईने नाव लिहून टाकलं.