सहा ते वीस

आमच्या कॉलेजात व्यायामशास्त्र शिकणारे आम्ही अकरा जण आणि ट्रेडमिल एक. तीही बारा महिने आजारी. म्हणून श्रमचाचणी लाकडी पायरीवर होते. पाच मिनिटं चढ-उतार, दर मिनिटाला थांबवून नाडी मोजायची आणि माणसाला विचारायचं, किती जड वाटतंय? त्याने भिंतीवरच्या तक्त्यात बघून आकडा सांगायचा. सहा म्हणजे काहीच नाही, वीस म्हणजे याहून जास्त होणारच नाही. सुरुवात सहापासूनच का, हे सरांनी दोनदा समजावलं. दोन्ही वेळा माझा डोळा लागला होता.

लागणारच. पहाटे पाचला मी एका जिममध्ये लोकांच्या घामाच्या मॅट पुसायला लागते, दुपारी तोच घाम कसा येतो हे शिकायला कॉलेजात येते. गेल्या वर्षी याच चाचणीत नापास झाले. चढणारा माणूस आपणच आणायचा असतो, मी शेजारच्या काकूंना आणलं होतं. दुसऱ्याच मिनिटाला त्यांना हसू फुटलं, मला वाटलं धाप लागली, आणि मी घाबरून चाचणी थांबवली. 'विनाकारण अर्धवट' असा शेरा मिळाला. तिसऱ्यांदा बसू देत नाहीत. दिलं असतं तरी माझ्यात तेवढं त्राण नव्हतं.

यंदा आईला आणलं. वय छप्पन्न. बाबा सहा वर्षांपासून अंथरुणाला खिळलेत, त्यांचं सगळं तीच बघते. येताना म्हणाली, "मला मेलीला कुठे अभ्यास करायचाय? चढायचं नि उतरायचं."

पहिलं मिनिट. नाडी एकशे सोळा. "किती वाटतंय?"

"सहा."

दुसरं मिनिट, एकशे अठ्ठावीस. "सहाच." तिसऱ्याला एकशे छत्तीस. तिच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. "सात," ती म्हणाली, जणू भाजीवालीशी घासाघीस चालली होती.

चौथ्या मिनिटाला मी तिचं मनगट धरलं. पंधरा सेकंदांत अडतीस ठोके. म्हणजे एकशे बावन्न. तिच्या वयाला मर्यादा एकशे चाळीसची, त्यापुढे थांबवायचं. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. चौतीस, म्हणजे एकशे छत्तीस, लिहिले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, आणि आता एकच मिनिट उरलं होतं. मी पेन टेकवलं. खोटं सांगत नाही, चौतीसमधला तीन काढूनही झाला होता.

"आई, उतर."

"अगं, झालंच की! सातच आहे, मला काही होत नाहीये."

"उतर म्हणते ना!" मी खेकसलेच तिच्यावर. मग त्या तीनपुढे आठ लिहिला.

सर आले, कागद बघितला. "नाडी एकशे बावन्न आणि श्रम सात? तुम्ही यांना तक्ता नीट समजावलात का?"

मी आईसमोर बसले. "आई, आकडा लहान आला की मार्क जास्त, असं नसतं."

"नसतं?" तिचा चेहरा उतरला. "जड वाटलं की थांबवतात, आणि थांबवलं की तू नापास. तूच म्हणालीस."

"आता थांबवलंय. खरं काय ते सांग."

ती पदराने मान पुसत तक्त्याकडे बघत राहिली. "मग सतरा."

"आणि वीस कशाला म्हणशील?"

"सकाळी ह्यांना उचलून खुर्चीत बसवते ना, त्याला."

रोज साडेसातला मी जिममधून घरी फोन करते. विचारते, बाबा उठले का? ती म्हणते, "हो, बसलेत." इतके दिवस मी हा एक शब्द ऐकून फोन ठेवत आले. बसलेत, म्हणजे जसे काही आपले आपणच उठून बसलेत. शरीराचं शास्त्र शिकणारी मी, एकदाही विचारलं नाही की त्यांना बसवलं कुणी. मला माझीच लाज वाटली.

सरांनी कागदावर सही केली. "मर्यादा ओलांडली, थांबवलीत. हेच बघायचं असतं. पास." मी नुसती मान हलवली. या एका शब्दासाठी वर्षभर झोप मोडली होती, आणि आता तो ऐकून काहीच वाटेना.

आई अजून तक्ताच वाचत होती, बोट लावून, खालपर्यंत.

"याच्या पुढे आकडे नसतात का गं?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली. "मग ह्यांना उचलायला वीसच लिही."