शेवंतीने टाकलेली पानं

गंधाली आमच्या मजल्यावर राहायला आली आणि शेवंतीच्या सोलकढीची वाटी माझं दार ओलांडून तिच्याकडे जायला लागली. मी दाराच्या भिंगातून बघायची, खोटं कशाला सांगू!

दिंडोशीच्या या कॉलनीत शेवंती आणि मी एकदमच राहायला आलो. ती मालवणकडची, सासरा गिरणीतला. मी बँकेतली, आता रिटायर. आम्हाला जोडलं ते मेंढीकोटने. दुपारी जेवणं आटोपली की माझ्या हॉलमध्ये पत्ते. समोरासमोर बसणारे ते एकमेकांचे भिडू, आणि माझी भिडू कायम शेवंती. कॉलनीच्या वार्षिक स्पर्धेत आम्हाला हरवणारं अजून कुणी जन्माला यायचंय.

गंधाली घरून काम करणारी, पस्तिशीची, केस आखूड. एका दुपारी आली आणि म्हणाली, "काकू, मेंढीकोट रोजचंच आहे. ओमाहा हाय-लो शिकवू का? पोकरचाच प्रकार आहे. आपण चिंचोक्यांवर खेळू."

मी म्हणणार होते, नको. शेवंती म्हणाली, "शिकव गो!" वाट लागली.

झालं. प्रत्येकीच्या हातात चार पानं, टेबलावर उघडी पाच. हातातली दोनच घ्यायची, टेबलावरची तीनच, एक कमी नाही की जास्त नाही. पणाला लावायचे चिंचोकेही ठरलेले, मनाला येईल तेवढे नाही. शेवटी जो ढीग जमेल त्यातला अर्धा सगळ्यात मोठ्या डावाला, अर्धा सगळ्यात लहान डावाला. लहान डावाची पाचही पानं वेगवेगळी आणि अठ्ठी किंवा तिच्याहून लहान हवीत. तशी कुणाचीच नसली तर अख्खा ढीग मोठ्याचा. एक्का दोन्हीकडे चालतो, आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरीसारखा.

"नवीन माणसाने बहुतेक डाव टाकूनच द्यायचे," गंधाली शिकवायची. "एक्का-दुर्री आली तर डावात राहायचं. पण नुसत्या लहान डावाच्या जोरावर चिंचोके वाढवायचे नाहीत. समोरचीकडेही एक्का-दुर्री असली तर अर्ध्याचं अर्धं हाती येतं, आणि मोठा डाव तिसरीच घेऊन जाते."

शेवंती मान हलवत ऐकायची. मी मेंढीकोटात हुकूम समजावला तेव्हा हिने जांभया दिल्या होत्या! आता मात्र "गंधाली, ह्या बघ", "गंधाली, ह्या बरोबर मा?" आमची चौथी, अक्षता, तिला काहीच सोयरसुतक नाही. पानं टाकायची आणि फोन बघायची. जळत होते ती मी एकटी.

त्यात मेंढीकोटची स्पर्धा रविवारवर आली. गंधालीने माझ्यासमोर, माझ्याच घरात, माझा चहा पीत शेवंतीला विचारलं, "या वर्षी माझ्याबरोबर खेळता का? मला शिकायचंय."

शेवंती म्हणाली, "बघूया."

बघूया! इतक्या वर्षांनी बघूया! नक्की काय ते विचारायचं मी टाळलं. ती "हो, जाते तिच्याबरोबर" म्हणाली असती तर मी काय करणार होते?

मग मी ठरवलं, गंधालीच्याच खेळात तिला हरवायचं. शेवंतीला दिसू दे, कॉलनीत पत्ते कुणाला कळतात ते.

शुक्रवारी माझ्या हातात एक्का आणि दुर्री आली, सोबत राणी आणि नव्वी. टेबलावर चव्वी, सत्ती, अठ्ठी, मग राजा. माझा लहान डाव पक्का. गंधालीने चिंचोके लावले. थांबायला हवं होतं, तिने शिकवलेलं पाठ होतं मला. पण तिचं ते शांत तोंड बघितलं आणि मी वाढवले. हातातल्या बांगड्या कोपराकडे सारल्या आणि म्हटलं, "ये आता."

शेवंतीने माझ्याकडे बघितलं, आपली पानं उपडी टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मी नाय."

गंधालीनेही तेवढेच चिंचोके लावले. शेवटचं पान उघडलं, अजून एक राजा. तिच्याकडे राजा आणि सत्ती, म्हणजे तीन राजे, दोन सत्त्या; मोठा डाव तिचा. लहान माझा. ढीग अर्धा अर्धा झाला.

"नशीब काकू," गंधाली म्हणाली, "दुसरी एक्का-दुर्री कुणाकडे नव्हती. नाहीतर गेलाच होतात."

"नशीब नाही गं, खेळ," मी म्हटलं. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

पिसायची पाळी माझी होती. पानं गोळा करताना शेवंतीची पानं हातात उलटली. एक्का. दुर्री.

"शेवंती, हे टाकलंस तू?"

"मगे काय करू?" ती म्हणाली. "तू बांगड्यो वर सारलंस. एक्को इलो की तू कायम तसाच करतंस. अर्ध्याचा अर्धा कित्याक करूचा?"

आमची मेंढीकोटातली ती खूण. मी केल्याचं मलाच कळलं नव्हतं.

गंधाली उसळलीच. "अहो, हे चीटिंग आहे! या खेळात भिडू नसतात!"

"नसतत?" शेवंतीने माझ्याकडे बोट केलं. "मगे ही माझ्या समोर कोण बसलीहा?"

मला आधी लाज वाटली. डाव मी जिंकलाच नव्हता, तिने दिला होता. आणि मग इतका आनंद झाला की तो लपवता येईना.

"रविवारचं काय?" मी शेवटी विचारलंच. "तू बघूया म्हणालीस."

"पोराक तोंडावर नाय कसा म्हणूचा? आपली नावां मी त्याच्या आधीच दिलंय. तुका काय इचारूचा?"

गंधालीने माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच तिचं तोंड शांत नव्हतं. ते तोंड मी ओळखलं. गेले कित्येक दिवस आरशात तेच बघत होते.

"अक्षताला घे जोडीला," मी तिला म्हटलं. "उद्यापासून मेंढीकोट शिकवते. खुणा मात्र नाही शिकवणार हं."

ती हसली नाही. मीही नसते हसले. मी पानं खाली ठेवली, चहा टाकायला उठले आणि जाता जाता बांगड्या वर सारल्या. हात रिकामेच होते.

"एक्को दिसलो गो," मागून शेवंती म्हणाली.