गुळगुळीत जमीन

“आये, हे चुन्याचे पट्टे आता बस झाले. लोक हसतत गो!”

“हसांदेत. तुझो बापूस त्येंच्यावरसून चलता.”

“म्हणान तर लाद्या घालतंय. जमीन गुळगुळीत असली काय बाबांका ठेच लागाची नाय.”

वास्कोहून रजा काढून आलेला परेश मायेपोटीच भांडत होता. चंद्रावतीला त्याला समजावता येईना. नवऱ्याला, बाबलीला, डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितल्यापासून तिने एवढंच पाहिलं होतं, की पायरी दिसली की त्याचा पाय उचलतो, सपाट दिसलं की तिथेच रुजतो. म्हणून सारवलेल्या जमिनीवर ती आडवे पट्टे ओढायची. एकेक पट्टा ओलांडत बाबली न्हाणीपर्यंत एकटा जायचा.

चवथीआधी लाद्या बसल्या. त्यांत तोंड दिसायचं.

“ह्येंच्यार चुनो नाका हां, आये.”

पोराचा आनंद बघून तिने चुन्याचा डबा माळ्यावर ठेवून दिला.

चवथीला आत देवाच्या जागेवर छताला रानफळांची माटोळी बांधून झाली आणि घरापुढच्या खळ्यात गणपतीची गाडी आली. बाबलीने हात पुढे केले. “माका दी. आजपर्यंत माटोळीखाली मीच बसयलंय, औंदाव मीच बसयतलंय.”

मूर्ती घेऊन दगडी पायऱ्या तो तरण्यासारखा चढला. चंद्रावतीने त्याच्या पायांवर पाणी घातलं, देवाला ओवाळलं आणि बाजूला झाली. समोर लख्ख जमीन पसरली होती. दारातच त्याचे पाय थांबले.

“चला मगे, बाबा.”

“चलतंय रे.”

मागून शेजारचा सगुण ओरडला, “बाबल्या, देवाक भूक लागली रे, बेगीन चल!”

सगळे हसले. बाबलीही हसला. मग त्याचं अंग पुढे गेलं, पाय मागेच राहिले, मूर्ती कलली. परेशने ती झडप घालून धरली. दार बापाने अडवलेलं, म्हणून तो मूर्ती घेऊन मागीलदाराने आत गेला. मंडळीही त्याच्यामागून गेली. झांजांबरोबर मातीची घुमटं वाजू लागली. आरती सुरू झाली.

बाबली दारातच. हात अजून पुढे धरलेले.

चंद्रावती आरती सोडून आली. त्याच्या पावलांपुढे तिने आपला पाय आडवा ठेवला.

“ह्येच्यावरसून येवा.”

“तुका लाथ लागात गो. देवाच्या दिसा...”

“लागांदे.”

तो एक पाऊल आत आला. तिने पुन्हा पाय पुढे ठेवला. मान खाली घालून तो तेवढंच बघत होता.

आरतीचं ताट घेऊन परेश वळला, तेव्हा दोघं अर्ध्या वाटेवरच होती.